दोनदा भाजलेला रोडगा

फौजी दवाखाना
१९ ऑगस्ट १९४२

ती. सौ. प्रयागवहिनींना इंद्रभानचा दंडवत.

वहिनी, आधी एक ओळ मोठ्यानं वाचा, आईला ऐकू जाईल अशी. मी जिवंत आहे. हातपाय जागेवर आहेत, डोळे दोन्ही आहेत, फक्त मागची एक दाढ गेली. ती कशी गेली ते पुढे लिहितो. इंद्रभान बेपत्ता आहे अशी सरकारी तार तुमच्याकडे आली असेल. तार खरी होती, पण ती गावी, किन्हीराजाला पोचेपर्यंत मी सापडलो होतो.

झालं असं. मी इथं अरबांच्या मुलखात रसद पलटणीची लॉरी चालवतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. गावाचं नाव लिहिलं तर पत्र तपासणारा साहेब त्यावर काळी शाई फासतो, म्हणून लिहीत नाही. त्या दिवशी गाडीत तंबू भरले होते आणि शेजारी आपल्या रिसोडकडचा धरमसिंग बसला होता. दुपारी धुळीचं असं वादळ उठलं की गाडीचं नाक दिसेना. वादळ बसलं तेव्हा वाटही नव्हती आणि पुढच्या गाड्याही नव्हत्या. सहा दिवस आम्ही दोघं त्या वाळूत होतो. तंबू चाळीस होते, पण खायला फौजी बिस्किटांचा एकच डबा होता.

जऊळक्याच्या स्टेशनावर आपला दिलावर टोस्ट-नानकटाई विकतो, तसलं काही मनात आणू नका. हे बिस्कीट बोटभर जाड, चौकोनी, दोनदा भाजून काढलेलं आणि घरावरच्या कवेलूइतकं कडक. पहिलं मी नुसतंच चावलं आणि दाढ हातात आली. मग धरमसिंगनं लॉरीचा पाना काढला, बिस्कीट दगडावर ठेवून फोडलं, गाडीच्या रेडिएटरातलं गंजकं पाणी चमच्या-चमच्यानं काढलं आणि त्यात ते भिजवलं. रोज दोघांत तीन बिस्किटं. सातव्या दिवशी सकाळी विमानातल्या माणसानं आम्हाला पाहिलं. ज्या बिस्किटानं दाढ नेली त्यानंच जीव ठेवला, म्हणून मी त्याला शिव्या देणं बंद केलं आहे.

आईला सांगा, रडू नको. शालिग्रामदादाला नमस्कार.

तुमचा
इंद्रभान


किन्हीराजा
२७ सप्टेंबर १९४२

चि. इंद्रभानभाऊजींना प्रयागचे पोटभर आशीर्वाद.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. एकदा घरात, एकदा ओसरीत, एकदा मारुतीच्या पारावर, आणि चौथ्यांदा विहिरीवर बायांनी घागरी खाली ठेवून वाचायला लावलं. रिसोडच्या मास्तराची शिकलेली पोरगी सून करून आणल्याचा सासूबाईंना आठ वर्षांत पहिल्यांदा आनंद झालेला मी पाहिला. तुमचे दादा गोठ्यात गेले आणि बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत उभे राहिले.

तार आली तो दिवस मी तुम्हाला कधीच सांगणार नाही. एवढंच सांगते की सासूबाई उठल्या, सरळ मारुतीपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माह्या पोराले आनून दे, तुले एकशे एक रोडग्याची पंगत देतो." जणू बाजारात गाय ठरवावी तसा सौदा. मारुतीनं आपलं काम केलं. आता पाळी आमची.

पण आपल्या घरची रीत तुम्हाला माहीत आहे. ज्याच्यासाठी नवस, पहिला रोडगा त्याच्या तोंडात पडला पाहिजे. त्याशिवाय पंगत बसत नाही. तुम्ही तर लढाई संपल्याशिवाय येत नाही. सासूबाईंनी दोन दिवस विचार केला आणि ठरवलं की इंद्रभान येत नाही तर रोडगाच त्याच्याकडे जाईल.

परवा तुमच्या दादांनी गोवऱ्यांचा जगरा पेटवला. मी कणीक घट्ट मळून एकावर एक पदर घातले, त्यांनी राखेखाली रोडगा खरपूस भाजला. मग सासूबाईंनी तो तुपानं भरलेल्या गंजात बुडवला. बाहेर काढला, पाहिला आणि समाधान झालं नाही म्हणून पुन्हा बुडवला. पळसाच्या हिरव्या पानांत गुंडाळून वरून मांजरपाट शिवलं. मी जऊळक्याच्या टपालात घेऊन गेले तर टपालबाबू म्हणतो, "बाई, यातून काय गळून राह्यलं?" मी म्हटलं, "माया गळून राह्यली. तुमी शिक्का मारा."

पोचला की लगेच खा आणि लगेच लिहा. इथं सगळं ठीक आहे. सासूबाईंची तब्येत छान आहे.

तुमची वहिनी
प्रयाग


रसद पलटण
१४ जानेवारी १९४३

ती. सौ. प्रयागवहिनींना दंडवत.

रोडगा पोचला. खाल्ला. फार गोड लागला, अगदी आईच्या हातची चव. नवस फिटला असं आईला सांगा आणि पंगत खुशाल घाला.

इकडे थंडी फार आहे. माझी लॉरी आता एका अरबी शहरातून जाते. तिथं एक म्हातारा भट्टीवाला आहे. तो पावाच्या फोडी करून पुन्हा भट्टीत सुकवतो, त्याला हे लोक बक्सम म्हणतात. बायका सकाळी तो चहात बुडवून मुलांना देतात. दिलावरच्या टोस्टाचा सख्खा भाऊ समजा. काही वेळा हा भट्टीवाला पीठ ओढून बांगडीसारखं वळतो, मध्ये भोक ठेवतो. मी विचारलं कशाला, तर बोट भोकातून आरपार काढून दाखवलं: आच इथूनही जाते.

आमच्या शेजारी पोलंड देशाची पलटण आली आहे. गोरी माणसं, पण गालफडं बसलेली. रशियात बर्फात कैदेत होती म्हणे. त्यांतल्या एकानं आपली उशी उसवून दाखवली. आत काळ्या पावाचे वाळवलेले तुकडे. त्याला ते सुहारी म्हणतात. आता रोज पोटभर मिळतं तरी तो चार तुकडे उशीत ठेवतोच. रात्री हाताला लागले की झोप येते म्हणाला. गरम रश्श्यात टाकले की फुगतात. त्यानं मला एक दिला. आंबूस लागला, पण चांगला होता.

बाकी क्षेम. दादाला सांगा, तूर निघाली की लिहा.

तुमचा
इंद्रभान


किन्हीराजा
२ मार्च १९४३

चि. इंद्रभानभाऊजींना आशीर्वाद, आणि त्यासोबत एक चापट.

तुमचं पत्र वाचलं. रोडग्याला तीन ओळी आणि परक्यांच्या टोस्टाला पानभर! मला तिथंच शंका आली होती, पण मी पुढे वाचत राहिले. सासूबाई मात्र म्हणाल्या, "पुन्हा वाच." वाचलं. "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. मग विचारलं, "हळकुंडाचं काई लिहिलं नाई त्यानं?"

मी म्हटलं, कसलं हळकुंड? तेव्हा कळलं की त्यांच्या माहेरची रीत म्हणून रोडगा वळताना माझी नजर चुकवून त्यांनी मधोमध सुपारीएवढं हळकुंड दडपलं होतं. म्हणाल्या, "हळकुंड चावलं असतं त पयली बोंब त्याचीच मारली असती त्यानं. एक दाढ गेली त पान भरून लिहिते, अन् हळकुंड गिळून चूप राहीन? खाल्लाच नाई त्यानं. मले कायले फसवून राह्यला?"

भाऊजी, त्या रागावल्या नाहीत. ते बरं झालं असतं. त्या नुसत्या उठल्या आणि जात्यावर जाऊन बसल्या.

आता मी तुमच्यापासून जे लपवलं तेही ऐका, कारण खोटं बोलण्यात मी तुमच्या मागे नाही. सासूबाईंची तब्येत छान नाही. नवस बोलल्या त्याच दिवशी त्यांनी रातचं जेवण सोडलं. इंद्रभानच्या तोंडात रोडगा पडेस्तोवर दिवस मावळल्यावर अन्न नाही. सकाळी एक भाकर खातात आणि त्याच भाकरीवर दिवसभर वावरात वाकतात. तुमचे दादा हात जोडून थकले. परवा हात वर करून वळणीवर लुगडं टाकत होत्या तर हातातली पाटली कोपरापर्यंत घसरली. मी ती पुन्हा मनगटावर आणली तर पुन्हा घसरली.

म्हणून आता खरं काय ते लिहा. रोडग्याचं काय झालं?

प्रयाग


रसद पलटण
८ एप्रिल १९४३

ती. सौ. वहिनी,

चापट मिळाली. आणखी दोन मारा.

पोतडी माझ्या हातात आली तेव्हा मांजरपाट हिरवं झालं होतं. पळसाची पानं सडून कणकेला चिकटली होती. तुपाला असा वास सुटला होता की धरमसिंग तंबूबाहेर पळाला. तरी मी रोडगा फोडला. आत कापसासारखी बुरशी. हळकुंड असेलच, पण मला दिसलं नाही, कारण तोवर माझ्या डोळ्यांत पाणी होतं. मी एक कण जिभेवर ठेवायला गेलो तर धरमसिंगनं हात धरला. म्हणाला, "नवस जगल्याचा हाये, मरासाठी नाई." मग तो रोडगा मी नदीत सोडला. आईला काय लिहू ते कळेना, म्हणून ते लिहिलं.

मला वाटलं, मी खोटं बोललो की ती पंगत घालेल आणि मोकळी होईल. ती रातची उपाशी राहते हे मला ठाऊक असतं तर मी ती बुरशी खाल्ली असती. वहिनी, तुम्ही हे माझ्यापासून लपवायला नको होतं. पण मी कोणत्या तोंडानं बोलू?

आता मी रोज त्या अरब म्हाताऱ्याकडे जाऊन बसतो. माझी हकीकत त्याला खुणांनी सांगितली. तूप म्हटल्यावर त्यानं दोन्ही कानांना हात लावले. त्याचं म्हणणं सांगतो, ते जसंच्या तसं दिलावरला वाचून दाखवा. तूप नको, तेल नको, हिरवं पान तर नकोच. फक्त कणीक आणि मीठ. एकदा भाजा, पूर्ण थंड होऊ द्या, मग विझत आलेल्या भट्टीत पुन्हा ठेवा, आच नाही तर नुसती ऊब. आतलं पाणी निघून गेलं की तो वर्षभर टिकतो. पण गोळा जाड असेल तर मधला भाग ओला राहतोच, म्हणून तो फोडी करतो.

इथंच माझी गाडी अडते. नवसाचा रोडगा पहिल्या घासाआधी सुरीनं कापायचा नाही, हे तर तुमच्यापेक्षा मलाच जास्त ठाऊक. यातून वाट काढा. आईला म्हणा, इंद्रभान खोटं बोलला, त्याची शिक्षा त्याला दे, स्वतःला देऊ नको.

तुमचा
इंद्रभान


किन्हीराजा
३० मे १९४३

चि. इंद्रभानभाऊजींना अनेक आशीर्वाद.

वाट काढली. नीट बसून वाचा.

सगळ्यात मोठी लढाई तुपाची झाली. सासूबाई म्हणाल्या, "कोरडा रोडगा? माह्या पोराले? मी काय त्याची सावत्र माय हावो?" दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी तुमचं पत्र घेतलं आणि बुरशीचा भाग सावकाश वाचून दाखवला, एक शब्द न गाळता. "कापसासारखी बुरशी" म्हटल्यावर त्यांनी हातानं थांबवलं. मग उठून म्हणाल्या, "चाल दिलावरकडे."

पायी गेलो, तुमचे दादा पुढे, आम्ही दोघी मागे. दिलावरनं पत्र ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "काकी, म्हातारा खरं सांगून राह्यला. तुपाची चव आठ दिस, मंग निस्ता वास. पन गोळा कापल्याबिगर सुकत नाई." सासूबाई म्हणाल्या, "सुरी लावीन त नवस मोडते." तेव्हा तुमच्या जानेवारीच्या पत्रातला बांगडीचा पाव मला आठवला. म्हटलं, कापायचा कशाला, वळतानाच मध्ये भोक ठेवू. आच दोन्हीकडून जाईल. दिलावर म्हणाला, "भाभी, तुमी माह्या भट्टीत नोकरी करा."

गावात बातमी आमच्याआधी पोचली. नानाजी गुरव दारातच आडवे आले. "गोजराबाई, मारुतीचा रोडगा दिलावरच्या भट्टीत? अन् त्याले मधात भोक?" सासूबाईंनी पदर खोचला. म्हणाल्या, "नानाजी, तुमच्या मारुतीच्या हातात कडं हाये का नाई? मंग कडं पाहून त्याले राग काहून यीन? अन् भट्टीचं म्हनान त तुमी तुमच्या जगऱ्यातला पाठवा, मी माह्या पाठोतो. पाहू कोनाचा पोचते." नानाजी जे गेले ते चार दिवस पारावर दिसले नाहीत.

मग कामाला लागलो. तीन कडी वळली, मनगटात जातील एवढी. पहिली भाजणी आपल्या जगऱ्यात, आपल्या राखेत, कारण तो मान मारुतीचा. थंड करून फडक्यात बांधून जऊळक्याला नेली. दिलावरनं भट्टी आतून झाडून घेतली होती, आणि त्या दिवशी दुसरा माल घातलाच नाही. बाभळीची लाकडं जाळून निखारा बाहेर ओढला आणि उरलेल्या उबेत कडी ठेवली. त्याची आई हाजराबी आणि सासूबाई भट्टीच्या तोंडाशी शेजारी-शेजारी बसल्या. दिवस मावळल्यावर चहा आला. सासूबाईंनी नकाराची मान हलवली. हाजराबीनं आपलाही कप बाजूला सरकवला. म्हणाली, "तू उपाशी अन् मी चाय पिऊ का, गोजरा? कडं पोचू दे, मंग दोघी पिऊ."

पहिलं कडं करपलं. ऊब जास्त झाली. दुसरं आम्ही मुद्दाम फोडून पाहिलं, आतपर्यंत खडखडीत. तिसऱ्याला दिलावरनं बोटाच्या पेरानं टिचकी मारली आणि कान लावला. ओलं असलं की थप वाजतं, सुकलं की टण्‌. टण्‌ वाजलं. सासूबाईंनी स्वतः मारून पाहिली. मग तुमच्या दादांनी मारली. मग मी. स्टेशनमास्तरही येऊन मारून गेले.

दिलावरच्या टोस्टाच्या पत्र्याच्या डब्यात कोऱ्या फडक्यात कडं ठेवलं आणि झाकणाला कथलाचा डाग देऊन डबा बंद केला. वारासुद्धा शिरणार नाही. या खेपेला आत हळकुंड नाही. सासूबाई म्हणाल्या, "आता काई लपवत नाई. त्यानंबी लपवू नये."

टपालबाबूनं डबा उलटासुलटा केला. काही गळत नव्हतं.

तुमची वहिनी
प्रयाग


किन्हीराजा
९ नोव्हेंबर १९४३

चि. भाऊजी,

डबा जाऊन पाच महिने झाले. तुमचं एक पत्र आलं, त्यात पलटण हलणार एवढंच, खाली तीन ओळी काळ्या शाईच्या. त्यानंतर काही नाही. हे माझं चौथं पत्र.

दिलावर रोज गाडीच्या वेळी टपालाची पिशवी उतरताना उभा असतो. सासूबाई विचारत नाहीत, मी घरात शिरले की फक्त माझ्या हाताकडे पाहतात. परवा वावरात भोवळ येऊन बसल्या. मी रडले, पाया पडले, रातची निदान पेज घ्या म्हटलं. म्हणाल्या, "कडं रस्त्यात हाये. ते थांबलं नाई, मी कशी थांबू?"

जिथं असाल तिथून एक ओळ लिहा.

प्रयाग


इटली
३ जानेवारी १९४४

ती. सौ. प्रयागवहिनींना इंद्रभानचा साष्टांग दंडवत.

हे पत्र टपालानं नाही, धरमसिंगच्या हातून पाठवतो आहे. त्याला तीन वर्षांनी रजा मिळाली. म्हणून मुलखाचं नाव लिहायला कोणाची भीती नाही. आम्ही अरबांचा मुलुख सोडून समुद्र ओलांडला आणि इटली देशात उतरलो. तुमची चारही पत्रं आणि डबा आमच्या मागे-मागे बंदरोबंदर फिरत राहिली.

वहिनी, कडं पोचलं! सात महिन्यांनी, नाताळाच्या दोन दिवस आधी. डबा एका बाजूनं चेपला होता, वर आठ शिक्के होते, पण डाग सुटला नव्हता. मी संगिनीनं झाकण उचकटलं. वास आला तो आपल्या राखेचा. बुरशी नाही, कीड नाही, एक टवका उडालेला नाही. मी टिचकी मारली आणि ते वाजलं. मी ओरडलोच. लढाई जिंकल्यावर पलटण ओरडते तसा.

आम्ही तेव्हा एका शेतकऱ्याच्या घरी मुक्कामाला होतो. घरात एक म्हातारी, काळं लुगडं म्हणावं असा पायघोळ झगा, तोंडात चार दात. तिनं माझ्या हातातलं कडं पाहिलं आणि ती माझ्याहून मोठ्यानं ओरडली. हाताला धरून आत नेलं. चुलीवरच्या खुंटीला दोरीत ओवलेली कडीच कडी! गव्हाची, मध्ये भोक असलेली, दोनदा भाजलेली. फ्रिसेल्ला म्हणतात. तिला वाटलं, तिच्याच देशाचं कडं मी कुठून आणलं. मी छातीवर हात ठेवून "मम्मा" म्हटलं. या मुलखात आईला मम्मा म्हणतात. तिनं ते माझ्या हातून घेतलं, भाजणी पाहिली, पालथं करून पाहिलं आणि तिच्या सुनेला बोलावून दाखवलं, की बघ, याला म्हणतात भाजणं. सुनेचं तोंड उतरलं. ते पाहून मला तुमची आठवण झाली.

मग मी मारुतीचं नाव घेतलं आणि कडं हातानं मोडलं, सुरी लावली नाही. मोडून बरोबर दोन तुकडे झाले. एक तुकडा म्हाताऱ्या बाईनं पाण्यात बुडवला, वीसपर्यंत मोजलं आणि काढला. आढ्याला टांगलेल्या टोमॅटोंतला एक त्यावर चोळला, मीठ टाकलं, वरून तेल. पण पहिला घास मी त्याआधीच कोरड्या कोपऱ्याचा घेतला होता, काही न लावता. वहिनी, आईला सांगा, मीठ थोडं कमी होतं. आणि सांगा की मी तो घास चावताना हमसून हमसून रडलो आणि मला लाज वाटली नाही.

धरमसिंग समोर बसून पाहत होता. त्याची आई तो लहान असतानाच गेली, त्याच्यासाठी नवस बोलणारं कोणी नव्हतं. पण वाळूत आम्ही दोघं होतो. म्हणून माझ्या तुकड्यातला अर्धा त्याला दिला. आईला चालेल ना?

दुसरा तुकडा तसाच त्या डब्यात ठेवून इथल्या तांबटाकडून पुन्हा डाग देऊन घेतला आहे. तो धरमसिंग आणतो आहे. एका समुद्रानं आईचा रोडगा बिघडवला होता, आता दोन समुद्र ओलांडून तो तिच्या हातात परत जाऊ दे. मी अर्धा खाल्ला आहे, अर्धा तिनं खायचा. माझं उष्टं आहे, पण तिला किळस येणार नाही.

तुमचा
इंद्रभान


किन्हीराजा
२० फेब्रुवारी १९४४

चि. इंद्रभानभाऊजींना सगळ्या किन्हीराजाचे आशीर्वाद. एकट्या माझ्या आशीर्वादात आज मावणार नाही.

मंगळवारी दुपारच्या गाडीतून जऊळक्याला एक फौजी उतरला आणि दिलावरला विचारू लागला, गोजराबाईचं गाव कोणीकडे. हातातला डबा पाहून दिलावरनं त्याला बोलूच दिलं नाही. आपलाच डबा त्यानं ओळखला. फलाटावरच डाग तोडला, टिचकी मारली, आणि गाडीतली माणसं खिडक्यांतून पाहत असताना ओरडला, "दोन समुद्र पिऊन आला, अन् अजून टण्‌ बोलून राह्यला!" मग दुकानाला कुलूप लावलं, हाजराबीला बैलगाडीत बसवलं आणि धरमसिंगला घेऊन इथं आला.

पत्र मी अंगणात वाचलं. सासूबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. "मीठ थोडं कमी होतं" इथं आले तशा त्या एकदम हसल्या. "खाल्लं! आता खरंच खाल्लं त्यानं! मीठ माह्याच हातून कमी पडलं होतं, मले तवाच वाटलं होतं!" तुमच्या दादांनी फेटा तोंडावर धरला आणि गोठ्यात न जाता सगळ्यांपुढे रडले. धरमसिंगच्या घासाचं मी वाचलं तर सासूबाईंनी त्याला जवळ ओढून त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "चालते का म्हून इचारते येडं," म्हणाल्या.

काल पंगत झाली. मारुतीमागच्या वावरात सात जगरे लागले. रोडगे एकशे एक बोलले होते, झाले एकशे साठ, कारण रिसोडपासून माणसं आली. आणि ऐका, नानाजी गुरवांनी स्वतः येऊन सांगितलं की त्यांतले अकरा कड्यासारखे वळा, मारुतीला तसं आवडते. कधीपासून आवडते, ते मी विचारलं नाही. दिलावरनं जगऱ्याची ऊब पाहण्याचं काम अंगावर घेतलं आणि आमच्या माणसांना सकाळपासून शिव्या घातल्या.

सासूबाईंचा तुकडा मी ताटात ठेवला. तुमच्या म्हातारीनं सांगितलेलं वाचून दाखवलं, पाण्यात वीस मोजा, टोमॅटो चोळा. म्हणाल्या, "आपलं वरन काय मेलं?" कडकडीत वरण ओतलं, वर तूप सोडलं, चांगलं पळीभर, सगळ्यांकडे पाहत. मग खाल्लं. कण न् कण खाल्लं. ताट बोटानं पुसलं. मग हाजराबी म्हणाली, "आता चाय," आणि दोघी म्हाताऱ्या मारुतीच्या पारावर बशीतून चहा प्यायल्या.

संध्याकाळी पाहुणे गेले. मी सवयीप्रमाणे तीन ताटं घेतली, तुमच्या दादांचं, धरमसिंगचं आणि माझं. दिवा लावला, भाकरी टाकत बसले. सासूबाई आत आल्या, आपला पाट भिंतीपासून ओढला, बसल्या आणि म्हणाल्या, "प्रयाग, माह्यं ताट कुठं हाये वं?"

भाऊजी, एकोणीस महिन्यांनी मी त्यांना रातचं वाढलं. दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी मागून घेतली.

तुमची वहिनी
प्रयाग